विलंबित एकतालातलं ब्लूज : एका प्रकरणाचा अभ्यास

पार्श्वभूमी

ऑगस्टचा दुसरा आठवडा, नाशिकला पाऊस लागून राहिलेला. एक गृहस्थ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली गिटार घेऊन माझ्या क्लासवर आले. सरकारी बँकेत अधिकारी, वय एकोणसाठ, निवृत्ती फेब्रुवारीअखेर. क्लासमधली पोरं पहिल्याच दिवसापासून त्यांना 'बँकवाले काका' म्हणू लागली, म्हणून इथेही ते काकाच. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वाजवण्यातल्या चुका मात्र जशा झाल्या तशाच ठेवल्यात, त्यात माझ्याही आहेत.

मागणी एकदम नेमकी होती. "सर, मला गिटार शिकायची नाही. एक गाणं शिकायचंय." क्लासमध्ये ते मला सर म्हणायचे आणि खाली चहाच्या टपरीवर गेलो की 'अरे' वर यायचे. दोन्ही मला आवडायचं.

गाणं होतं संथ, अकूस्टिक गिटारवरचं ब्लूज रॉक (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं दुखऱ्या सुरांचं गाणं). नाव मुद्दाम देत नाही, कारण ई स्वरातलं, बारा बारचं (बार म्हणजे चार ठोक्यांचा गट) कुठलंही संथ ब्लूज घेतलं तरी पुढची कहाणी फारशी बदलत नाही. १९९२ साली एरिक क्लॅप्टन यांच्या अकूस्टिक मैफलीचा अल्बम आला आणि आपल्याकडे कॅसेटच्या दुकानांतून घराघरांत पोचला. काका तेव्हा मुंबईत पहिल्या पोस्टिंगवर होते. त्या कॅसेटवरून ते मागे मागे गेले: ब्रिटिश पोरांनी साठच्या दशकात ज्यांचं ऐकून बँड काढले ते शिकागोवाले, आणि त्यांच्याही आधीचे मिसिसिपीचे एकटे गिटारवादक. रॉबर्ट जॉन्सन यांनी १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्सासमध्ये दोन खेपांत मिळून फक्त २९ गाणी रेकॉर्ड केली, ही गोष्ट काकांनी मला सांगितली, मी त्यांना नाही. २०११ पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूजचा महोत्सव भरू लागला, तर त्यासाठी त्यांनी रजा काढून मुंबई गाठली होती.

म्हणजे कान तयार होता. हातही अगदीच कोरा नव्हता. काकांनी तरुणपणी चौदा वर्षं तबला वाजवला होता, भजनी मंडळाला साथ केली होती. गिटार मात्र मुलाने कॉलेजात घेतलेली आणि नंतर कपाटावर पडून राहिलेली. कार्यक्रम ठरलेला: बँकेतल्या निरोप समारंभात काका वाजवणार, भाची गाणार. भाची पुण्यात नोकरीला, महिन्या-दोन महिन्यांतून नाशिकला येणारी. हातात साडेसहा महिने, आठवड्याला दोन तास क्लास, घरी रोज पाऊण तास रियाज. रियाजाच्या बाबतीत त्यांनी एक दिवसही खाडा केला नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे जे बिनसलं त्याचं खापर आळसावर फुटायला नको.

अडचण

सगळे समजतात तसं मीही समजलो की गाणं संथ आहे म्हणजे बोटांना वेळ मिळेल, सोपं जाईल. कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) तीनच: ई सेव्हन, ए सेव्हन, बी सेव्हन. तिन्ही मोकळ्या, बॅरे नाही, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायच्या नाहीत. तीन आठवड्यांत काका कॉर्ड बदलू लागले. मग मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ६० वर लावला, म्हणजे सेकंदाला एक ठोका, आणि पूर्ण चक्र वाजवायला सांगितलं.

हिशेब सरळ आहे. बारा बार, प्रत्येकात चार ठोके, एकूण ४८ ठोके. साठच्या लयीत एका चक्राला ४८ सेकंद लागायला हवेत. मेट्रोनोम बंद करून काकांनी वाजवलेलं फोनवर रेकॉर्ड केलं तर चक्र ३९ सेकंदांत संपलं. म्हणजे लय चौऱ्याहत्तरच्या आसपास. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. मेट्रोनोम चालू ठेवला तर आणखी वाईट. प्रत्येक ठोक्याच्या किंचित आधी हात पडायचा, मग काका थांबून ठोक्याची वाट बघायचे, मग पुन्हा घाई. चौदा वर्षं तबला वाजवलेला माणूस लयीत अडखळतोय हे त्यांना स्वतःलाच सहन होत नव्हतं.

दुसरी अडचण हाताची. या ढंगात अंगठा खालच्या जाड तारेवर सारखा ठोका धरतो. ई सेव्हनवर मोकळी सहावी तार, ए सेव्हनवर मोकळी पाचवी. तळहाताची कड ब्रिजवर (खालच्या टोकाला तारा अडकवतात ती पट्टी) हलकी टेकवून तो आवाज दाबायचा, म्हणजे 'ठूं' न होता 'ठप्' होतो. वरच्या तारांवर बाकीची बोटं अधूनमधून काहीतरी बोलतात. टेक्सासचे लाइटनिन हॉपकिन्स हे या अंगठ्याचे उस्ताद. बी सेव्हनवर मात्र मोकळी तार मिळत नाही, पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) बोट घट्ट धरावं लागतं, आणि काकांची लय नेमकी तिथे, नवव्या बारला, उडी मारायची.

तिसरी अडचण गिटारची, आणि ती मला सगळ्यात उशिरा दिसली. त्याबद्दल पुढे.

समोर असलेले पर्याय

सप्टेंबरच्या मध्याला आम्ही दोघे टपरीवर बसून सरळ बोललो. चार वाटा होत्या.

पहिली, साधं स्ट्रमिंग. तीन कॉर्ड, वरखाली हात, भाची गाते, लोक टाळ्या वाजवतात. सहा आठवड्यांत तयार. काका म्हणाले, "मग भाचीने कराओकेवर म्हटलं तर काय वाईट?" विषय संपला.

दुसरी, टॅब बघून मूळ रेकॉर्डिंग सूर न् सूर पाठ करणं. काकांना हीच वाट हवी होती. बँकवाला माणूस, कागदावर लिहिलेलं असलं की त्यांना धीर येतो. मी विरोध केला, पण अर्धवट. म्हटलं, बघा दोन आठवडे. दोन आठवड्यांत त्यांनी पहिले चार बार अक्षरशः घोटले, आणि पाचव्यावर आलं की गाडी बंद. टॅब सांगतो कुठल्या तारेवर कुठल्या फ्रेटवर बोट ठेवायचं. दोन सुरांच्या मधली जागा किती लांब आहे हे तो नीट सांगत नाही, आणि संथ ब्लूजचा जीव त्याच जागेत असतो.

त्यातच एक गंमत झाली. जुन्या एकट्या ब्लूजवाल्यांची रेकॉर्डिंग ऐकताना काकांनी बोटांवर मात्रा मोजल्या आणि वैतागून मला फोन केला. एका चक्रात अकराच बार, दुसऱ्यात साडेतेरा! हॉपकिन्स किंवा जॉन ली हूकर एकटे वाजवायचे तेव्हा ओळ संपेल तिथे कॉर्ड बदलायचे, बारा मोजत बसायचे नाहीत. "हा माणूस सम सोडून देतो आणि लोक याला उस्ताद म्हणतात?" सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, जिथे सगळ्यांनी एकत्र टेकायचं. काकांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. हे वाक्य लक्षात ठेवा.

तिसरी वाट, आधी बारा बारचा सांगाडा पक्का करायचा, अंगठा स्थिर करायचा, आणि वरच्या जागा मोजक्या, स्वतःच्या भरायच्या. चौथी, गाणंच बदलायचं. चौथी मी सुचवली होती, आज त्याची जरा लाज वाटते.

तिसरी ठरली. पण त्यातही प्रश्न तोच राहिला: एका सेकंदाचं अंतर आत कसं भरायचं?

गिटार

क्रम मोडून इथे गिटारचं सांगतो, कारण प्रत्यक्षात तिथेच पाच आठवडे वाया गेले.

काका दर तासाला म्हणायचे, बोटं दुखतात. मी दर वेळी म्हणायचो, दुखणारच, घट्टे पडले की थांबेल. हे वाक्य प्रत्येक गिटार शिक्षक तोंडपाठ म्हणतो आणि दहातल्या नऊ वेळा खरंही असतं. सप्टेंबरअखेर मी त्यांचीच गिटार हातात घेऊन सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर सूर ताणायला गेलो आणि माझंच बोट कळवळलं. पट्टीने मोजलं: बाराव्या फ्रेटवर तार साडेतीन मिलिमीटर वर. त्यावर बाराच्या (सर्वात बारीक तार ०.०१२ इंच) जाड तारा, बहुधा गिटार घेतली तेव्हापासूनच्या. पावसाळ्यात दमट हवेने अकूस्टिकचं वरचं लाकूड फुगतं, ब्रिज उचलला जातो, तारा आणखी वर येतात. म्हणजे ऑगस्टात सुरुवात करणाऱ्याला गिटार वर्षातल्या सर्वात कठीण अवस्थेत मिळते.

निर्णयाची जागा ही होती: लगेच दुरुस्ती करायची, की दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर? थांबलो तर काम नेमकं होईल, पण आणखी महिना जाईल. आता केलं तर हिवाळ्यात लाकूड बसल्यावर तारा फार खाली येऊन खरखरतील. शेवटी मधला मार्ग काढला. मूळ सॅडलला (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) हात लावायचा नाही, दुसरा करून घ्यायचा. बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर कमी हवं असेल तर सॅडल दोन मिलिमीटर कमी करावा लागतो. तार एका बाजूला नटवर (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) पक्की असल्याने मधोमध फरक निम्माच पडतो.

गावात गिटारचा कारागीर मिळेना, म्हणून हार्मोनियम-तंबोऱ्याचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. त्यांनी हाडाचा तुकडा सुरेख घासून दिला, आणि शेवटी चष्म्यावरून बघत विचारलं, "जवारी काढून देऊ का?" मी घाईघाईने नको म्हटलं. तंबोऱ्याला जो झणत्कार हवा असतो त्यालाच गिटारवाले खरखर म्हणतात आणि ती घालवायला पैसे देतात. काका त्यावर बराच वेळ हसत होते.

बाराच्या जागी दहाच्या तारा चढवल्या. आवाज थोडा पातळ झाला, पण त्याच संध्याकाळी काकांनी सहाव्या तारेचा गंधार पहिल्यांदा ओढला.

त्या गंधाराबद्दल दोन शब्द. ई ला षड्ज मानलं तर ब्लूजच्या गाण्याचे मुख्य सूर सा, कोमल ग, म, प, कोमल नी. धानी रागाचे हेच पाच. पण खाली वाजणाऱ्या ई सेव्हन कॉर्डमध्ये शुद्ध गंधार बसलेला असतो. म्हणजे साथ शुद्ध ग देते आणि गाणारा कोमल ग लावतो, आणि खरा सूर या दोघांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत असतो. कोमल गंधार किंचित वर खेचायचा, शुद्धापर्यंत पोचू द्यायचा नाही. पियानोवर ही जागाच नाही. पाश्चात्त्य संगीतच शिकलेल्या मुलाला हे समजावताना मला घाम फुटतो. काकांना मी एवढंच म्हटलं, "जोगमध्ये दोन्ही गंधार आहेत ना?" त्यांनी डोळे मिटले, तिसरी तार मोकळी छेडून पहिल्या फ्रेटवर बोट आपटलं, कोमलावरून शुद्धावर, आणि म्हणाले, "इथे उलटं येतं, पण कळलं." संपूर्ण साडेसहा महिन्यांत हा एक धडा पाच मिनिटांत झाला.

लयीसाठी काय केलं

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी सांगितलं, ठोका मोजू नका, ठोक्याच्या आतले तीन मोजा. संथ ब्लूज बारा-आठमध्ये चालतं: प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन सारखे भाग. काकांनी लगेच दादरा धरला, धा धिं ना, धा तू ना. एका ठोक्याला धा धिं ना, पुढच्याला धा तू ना. चक्र एकदम ४६ सेकंदांवर आलं. घाई गेली, कारण रिकामी जागाच उरली नाही.

पण ऐकायला ते ब्लूज वाटेना, पाळण्यासारखं वाटत होतं. तिन्ही भाग सारख्याच वजनाने वाजत होते. शफलमध्ये, म्हणजे ब्लूजच्या झुलत्या चालीत, मधला भाग गिळायचा असतो: धा ऽ ना, धा ऽ ना. मधला मनात म्हणायचा, हाताने सोडायचा. हे बसायला तीन आठवडे लागले. त्या काळात अंगठ्याशिवाय दुसरं काहीही वाजवायचं नाही असा मी नियम केला होता, आणि तो नियम बरोबर होता असं आजही वाटतं. तळहाताची कड टेकवण्याची गोष्ट मात्र त्यांना पटकन जमली. डग्ग्यावर मनगट दाबून घुमारा कमी-जास्त करायची सवय होती, फक्त हात बदलला.

यानंतरचा शोध काकांचा. दिवाळीच्या सुट्टीत ते चहा पिता पिता एकदम म्हणाले, "अरे, हा तर विलंबित एकताल आहे." मी म्हटलं, कसं? त्यांनी बिलाच्या मागे लिहून दाखवलं. अतिविलंबित एकतालात मात्रा बारा, प्रत्येक मात्रेचे चार भाग, एकूण ४८. ब्लूजमध्ये बार बारा, प्रत्येकात चार ठोके, एकूण ४८. एक बार म्हणजे एक मात्रा. ख्यालाचं आवर्तनही साधारण पाऊण मिनिटाचं असतंच. मग त्यांनी ठेक्याखाली कॉर्ड मांडल्या.

धिं, धिं, धागे, तिरकिट: चार मात्रा ई सेव्हन. तू, ना: दोन मात्रा ए सेव्हन. कत्, ता: परत ई सेव्हन. धागे: बी सेव्हन. तिरकिट: ए सेव्हन. धी: ई सेव्हन. ना: ई वर टेकून लगेच बी सेव्हन, की पुन्हा सम.

मी बघतच राहिलो. पहिलं तिरकिट चौथ्या मात्रेला येतं, म्हणजे कॉर्ड बदलायच्या अगदी आधी. जणू इशाराच. दुसरं तिरकिट आलं की आवर्तन उताराला लागतं. बारा बार मोजताना माझे विद्यार्थी आठव्या-नवव्यात हमखास हरवतात. काका त्या दिवसानंतर एकदाही हरवले नाहीत. मनात ठेका चालू, हाताने ब्लूज.

इथे मला एक निर्णय घ्यायचा होता आणि मी तो घेतला नाही, नुसता खूश झालो. ठेका चक्राची लांबी अचूक देतो, पण वजन कुठे टाकायचं तेही सोबत देतो, आणि ते वजन ब्लूजचं नाही. आपल्याकडे सगळा भार समेवर. ब्लूज रॉकमध्ये प्रत्येक बारच्या दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर झोक असतो, ड्रमवाला तिथेच स्नेअर मारतो. काका पहिल्या ठोक्यावर जोर देत होते, आणि पहिल्या बारच्या पहिल्यावर तर दुप्पट. नोव्हेंबरभर मी ते चालू दिलं. चक्र चुकत नाहीये ना, मग जोर नंतर बघू, असा विचार.

डिसेंबरात बघायला गेलो तेव्हा ते मुरलं होतं. मग मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या-चौथ्यावर टाकायचं ठरवलं. साठच्या लयीला मेट्रोनोम तीसवर हवा. चावीच्या मेट्रोनोमचा काटा चाळीसच्या खाली जात नाही, त्यामुळे मोबाइलवरचं ॲप घेतलं. दोन सेकंदांनी एक टक्, आणि तो टक् 'एक' नाही, 'दोन' समजायचा. पहिले आठ दिवस काका दर थोड्या वेळाने उलटे व्हायचे, टक् पुन्हा समेवर जायचा. जानेवारीत साधारण दहातल्या सात वेळा टिकायला लागले. मी तेवढ्यावर समाधान मानलं.

त्याच सुमाराला कोरड्या हवेने गिटारची सहावी तार खरखरायला लागली. नव्या सॅडलखाली लाकडाची कागदाएवढी पातळ पट्टी सरकवली, काम झालं.

भाचीबरोबरची तालीम आणि टर्नअराउंड

भाची डिसेंबरअखेर आली. ई तिला खाली पडत होता, तिला पांढरी पाच (म्हणजे जी) हवी होती. तिसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला, बोटांच्या जागा त्याच, सूर वर. हा प्रश्न दहा मिनिटांचा होता आणि तो ऑगस्टमध्ये फोनवर सुटला असता.

खरा प्रश्न टर्नअराउंडचा, म्हणजे चक्र संपवून पुन्हा सुरुवातीला नेणाऱ्या तुकड्याचा, निघाला. अकराव्या बारमध्ये पहिली आणि तिसरी तार एकदम धरून चौथ्या फ्रेटपासून खाली उतरायचं: चौथा, तिसरा, दुसरा, प्रत्येक जागी एक ठोका. मग बाराव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर ई, आणि लगेच बी सेव्हन, जो पुढच्या चक्रात ढकलतो. काकांच्या कानाला ही तिहाई वाटली. वाटणारच, तीन वेळा तीच आकृती आणि मग टेकायची जागा. तिहाई संपते कुठे? समेवर. म्हणून बाराव्या बारचा ई ते असा दणक्यात, असा मोकळा होऊन वाजवायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, आली सम. भाचीला तेच वाटलं आणि ती एक बार आधीच गायला सुटली. तिची चूक नव्हतीच.

मी काकांना सांगितलं, ही तिहाई नाही, हा मुखड्याआधीचा श्वास आहे, ई हळू घ्या, वजन बी सेव्हनवर टाका. क्लासमध्ये जमायचं. भाची समोर असली की पुन्हा तिहाई. आणि भाची समोर एकूण तीन वेळाच होती.

निकाल

फेब्रुवारीअखेर बँकेच्या वरच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. मी मागच्या रांगेत फोनवर रेकॉर्ड करत होतो. पाच चक्रं: एक नुसत्या गिटारचं, दोन कडवी, एक गिटारचं, शेवटचं कडवं.

पहिलं चक्र ४८ सेकंद. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. दुसरं ४७. तिसऱ्यात लोकांनी प्रेमाने टाळ्या धरल्या, अर्थातच पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर, आणि काकांनी महिनाभर घासून मिळवलेला दुसरा-चौथा त्यात वाहून गेला. चक्र ४५ वर आलं. चौथ्यात गिटार एकटी. गंधार छान ओढला, जागा कमी आणि नीट घेतल्या. शेवटी टर्नअराउंड आला आणि टाळ्यांच्या जोरात काकांनी बाराव्या बारच्या ई वर असा काही ठोका दिला की भाची सुटलीच.

त्या क्षणी दोन गोष्टी होऊ शकत होत्या. काका ठेक्याप्रमाणे बी सेव्हनवर गेले असते तर गाणं एकीकडे आणि गिटार दुसरीकडे, पुढचा अख्खा कडवाभर. त्यांनी बी सेव्हन सोडला. हात ई वरच ठेवला, तीच सम मानली आणि भाचीबरोबर पुढे निघाले. चक्र अकराच बारचं झालं. हॉलमध्ये कोणाला काही कळलं नाही. शेवटचं चक्र ४२ सेकंद, म्हणजे लय अडुसष्टच्या पुढे गेलेली, पण दोघं एकत्र संपले.

खाली उतरल्यावर काका माझ्याकडे आले. चेहरा पडलेला. "सम सोडली रे मी." मी हॉपकिन्सची आठवण करून दिली. त्यांना ते पटलं नाही. हॉपकिन्सने ठरवून सोडली, आपण चुकून, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. पण भाची गातेय त्या बाजूला जायचं हे त्यांनी एका ठोक्याच्या आत ठरवलं, आणि ते भजनी मंडळातल्या साथीचं शिक्षण होतं. माझ्या क्लासमधलं नव्हतं.

पुन्हा करायचं झालं तर

गिटार पहिल्या तासाला मोजेन. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची आणि तारांची जाडी बघायला दोन मिनिटं लागतात. वयस्क विद्यार्थी 'बोटं दुखतात' म्हणतो तेव्हा आधी वाद्य बघायचं, मग बोटं. आता क्लासमध्ये पट्टी टांगूनच ठेवलीय.

ठेक्याच्या बाबतीत मी अजून स्वतःशी वाद घालतो. ठेका नाकारला असता तर काका बारा बारमध्ये कदाचित जानेवारीपर्यंत चाचपडत राहिले असते. स्वीकारला तर समेचा भार गळ्यात आला. माझा आजचा अंदाज असा की ठेका घ्यावा, पण दोन-तीन आठवड्यांतच, चक्र पाठ होताच, दुसऱ्या-चौथ्यावर टाळी देत तोंडाने म्हणायला लावावा. बोल तेच, वजन दुसरीकडे. हे मी नंतर तबला शिकलेल्या एका मुलीवर करून पाहिलं, तिला चाललं. एका उदाहरणावरून फार बोलण्यात अर्थ नाही.

टॅबचे दोन आठवडे गेले ते मी अडवू शकलो असतो, पण मला वाटतं काकांनी ते स्वतः करून बघणं गरजेचं होतं. अडवलं असतं तर शेवटपर्यंत त्यांना वाटलं असतं की सरांनी सोपी वाट दाखवली नाही.

भाचीला मात्र ऑक्टोबरपासून रेकॉर्डिंगवर तरी गायला लावायला हवं होतं. काकांनी चक्र रेकॉर्ड करून पाठवायचं, तिने त्यावर गाऊन परत पाठवायचं. टर्नअराउंडचा घोटाळा आवाज सोबत असल्याशिवाय दिसणारच नव्हता, आणि तो दिसला तेव्हा दोन महिने उरले होते. टाळ्यांचाही सराव करता आला असता. क्लासची दहा पोरं बसवून चुकीच्या ठोक्यावर टाळ्या वाजवायला सांगायचं, त्यांनी ते फार आनंदाने केलं असतं.

काका आता शनिवारी सकाळी येतात. नवीन गाणं ए स्वरात घेतलंय, त्यात अंगठ्याला पाचवी तार मोकळी मिळते. टर्नअराउंडला ए हळू पडतो, दहातल्या आठ वेळा. सॅडलखालची लाकडी पट्टी अजून तिथेच आहे, जूनमध्ये पाऊस लागला की काढायची.